ओढतो किती ते सगळे सांगतात, थांबतो कसा ते कोणी सांगत नाही

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे किंवा यंदा घ्यायचा विचार आहे, त्यांनी तरी पूर्ण वाचा. बाकीच्यांनीही वाचली तर बरंच आहे, कारण धुळे-जळगाव हायवेवर रात्री त्या ट्रॉलीच्या मागे तुम्हीच असता.

विषय निघाला तो होडीवरून. हो, होडीच. आमचा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. मूळचा पारोळ्याकडचा. लहानपणी यानं पाणी पाहिलं ते बोरी नदीत पावसाळ्याचे दोन महिने. आता तिकडे समुद्र जवळ आहे, तर यानं चोवीस फुटी इंजिनाची होडी घेतली. होडी ठेवायची घरी आणि सुटीच्या दिवशी ट्रेलरवर टाकून पाण्यापर्यंत न्यायची. त्यासाठी मोठा पिकअप ट्रक घ्यायचा होता आणि तीन महिने त्याचा तोच अभ्यास चालू होता. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला आकडे सांगायचा. मी म्हटलं, "अरे, जाहिरातीत लिहिलंय ना चार-साडेचार टन ओढतो. तुझी होडी ट्रेलर धरून तीन टन. मग विचार कसला करतोस? घेऊन टाक."

तो म्हणाला, "मामा, तिथंच लोक फसतात."

मग त्यानं समजावून सांगितलं. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकावर पडायला हवा. कमी पडला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा हलायला लागतो. म्हणजे तीन टनांच्या होडीचा तीनशे ते साडेचारशे किलो भार थेट ट्रकच्या मागच्या भागावर. वर घरातली चार-पाच माणसं, बर्फाची पेटी, सामान. ट्रक स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकतो हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एका स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्याला आवडलेल्या गाडीवर ते होतं सहाशे-साडेसहाशे किलो. ओढायची ताकद शिल्लक, पण अंगावर घ्यायची संपलेली! त्यानं ती गाडी सोडली आणि एक नंबर मोठी घेतली. शिवाय तिकडे बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या म्हणजे साधारण १,३६० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. होडीच्या ट्रेलरला तर असे ब्रेक असतात की पुढची गाडी हळू झाली की मागचा ट्रेलर तिच्यावर रेटतो, आणि त्या रेट्यानंच ट्रेलरचे ब्रेक दाबले जातात. वर दोन साखळ्या, एकमेकींवर तिरप्या अडकवलेल्या. हुक निसटला तर दांडी जमिनीवर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडावी म्हणून.

हे सगळं कशासाठी? रविवारी मासे धरायला जायचं म्हणून.

तो बोलत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र आमची ट्रॉली आली. डिसेंबर २०२१.

त्या वर्षी मका बरा झाला होता. सत्तर क्विंटल एका खेपेत भरला. म्हणजे सात टन. ट्रॉलीचं स्वतःचं वजन पावणेदोन-दोन टन. पुढे आमचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर, त्याचं वजन दोन टन. चालवायला आमचे सालदार बापू. बापू आमच्याकडे अकरा वर्षं होते. दर आखाजीला नवं साल ठरायचं, पण ती नुसती रीत. ते घरचेच.

गावातून निघालं की नाल्याच्या फरशीकडे एक उतार आहे. फार मोठा नाही, पायी चालताना कळतही नाही. पहाटेचं दव पडलेलं. उताराच्या मध्यावर समोरून दूधवाला आला, बापूंनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर दबकला. ट्रॉली नाही दबकली. ती सरळ मागून रेटत आली, ट्रॅक्टर दांडीपाशी कात्रीसारखा दुमडला आणि नाल्याच्या कडेला आडवा झाला. दूधवाला वाचला. बापूंचा पाय मडगार्डखाली आला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

आता याच्यात चूक कोणाची? गावानं दोन दिवसांत ठरवून टाकलं. बापूंनी उतारावर गिअर काढला असेल. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडतात ना सगळे. बापू दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते हेच, "भाऊ, गिअरमधेच होता." मी तेव्हा हो म्हटलं. खरं सांगतो, विश्वास बसला नव्हता.

विमा कंपनीच्या माणसानं ट्रॉलीचा नंबर विचारला. ट्रॉलीला नंबर नव्हता. ती आम्ही २०१४ साली एका ओळखीच्याकडून जुनी घेतली होती, कागदाशिवाय. पन्नास-साठ हजार वाचले म्हणून वडील आठ दिवस खूश होते. कायद्यात ट्रेलर म्हणजे स्वतंत्र मोटार वाहन आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच तसं लिहिलंय. त्याची वेगळी नोंदणी, वेगळी आरसी, वेगळा विमा. ट्रॅक्टरचे कागद नीट असले म्हणजे ट्रॉलीचे झाले, असं होत नाही. हे मला त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर कळलं. एक लाख ऐंशी हजार खर्च आला.

आणि आता जे लिहितो ते लिहायला मला चार वर्षं लागली. वडील म्हणाले, "निम्मे त्याच्या उचलीत धरू." मी दोन दिवस काहीच बोललो नाही. गप्प बसलो. मनात हिशोब करत होतो की दोन सालांत फिटतील का. तिसऱ्या दिवशी बायकोनं ताट वाढता वाढता विचारलं, "ट्रॉली कोणाची होती?" एवढंच. मग मी वडिलांशी बोललो. पैसे उचलीत धरले नाहीत. पण ते दोन दिवस आहेतच.

भाच्याच्या होडीच्या हिशोबानंतर मी आमचा हिशोब पहिल्यांदा कागदावर मांडला. दहावीचं विज्ञान पुरतं याला. ट्रॅक्टरला ब्रेक असतो तो मागच्या दोन चाकांना. त्या ब्रेकनं एकटा दोन टनांचा ट्रॅक्टर, ताशी तीसच्या वेगात, समजा दहा मीटरमधे थांबतो. आता मागे पावणेनऊ टन लावा, ज्याला स्वतःचा ब्रेक नाही. ब्रेक तेवढाच, वजन पाचपटीहून जास्त. म्हणजे थांबायला अंतरही ढोबळमानानं पाचपट. पन्नास मीटर. हे सपाट रस्त्यावर. उतारावर, ओल्या फरशीवर काय होईल? बापू गिअरमधे होते की नव्हते यानं फार फरक पडला नसता. तो ट्रॅक्टर त्या ट्रॉलीला थांबवूच शकत नव्हता. ती जोडी आम्ही जुळवली होती, बापूंनी नाही.

कागद घेऊन बापूंकडे गेलो. त्यांना आकड्यांत रस नव्हता. म्हणाले, "वढाले काय शे भाऊ, बैलबी वढस. थांबाडस कोन?"

२०२५ च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा घरात नव्या ट्रॅक्टरचा विषय निघाला. या वेळी मी ठरवलं, भाच्यासारखं घ्यायचं. जळगावला गेलो, धुळ्याला गेलो. दोन्हीकडे तेच. पहिला प्रश्न "किती एचपी पाहिजे?" आणि मग मोबाईलवर व्हिडिओ. ट्रॅक्टर पुढची चाकं उचलून ओढतोय, आणि सेल्समन कौतुकानं सांगतोय बघा कसा उभा राहतो. अरे बाबा, ट्रॅक्टर उभा राहणं ही कौतुकाची गोष्ट आहे का? पुढची चाकं उचलली म्हणजे स्टिअरिंग गेलं. अजून थोडं उचललं तर ट्रॅक्टर ड्रायव्हरच्याच अंगावर. पंजाबात असल्या कसरती करताना २०२३ साली एक तरुण गेला, तेव्हा सरकारनं ट्रॅक्टरच्या स्टंटवर बंदी घातली. आमच्याकडे तो शोरूममधला विक्रीचा मुद्दा आहे.

मी विचारलं, "हा किती टन थांबवतो?" एकानं माहितीपत्रक चाळलं. दुसऱ्यानं मालकाला फोन लावला. तिसरा हसला. तिघांनाही उत्तर देता आलं नाही आणि त्यात त्यांचा दोष म्हणावा का, कारण त्यांना आधी कोणी विचारलंच नसावं.

तरी हिंडून हिंडून जे शिकलो ते सांगतो. एचपीवर जाऊ नका, ट्रॅक्टरचं वजन बघा. दोन ट्रॅक्टर एकाच एचपीचे असतात आणि वजनात दोन-तीनशे किलोंचा फरक असतो. रस्त्यावर ट्रॉली न्यायची तर जड ट्रॅक्टर बरा. पुढे वजनाच्या प्लेटा लावता येतात का बघा. ब्रेक तेलात बुडालेले घ्या, चिखलपाण्यात टिकतात. हुक मिस्त्रीकडून वर सरकवून घेऊ नका. ट्रॉली सरळ दिसते म्हणून लोक तसं करतात, पण ओढ जितकी उंचावरून तितका ट्रॅक्टर मागे उलटायला सोपा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला एक रुपया लागत नाही. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डावं आणि उजवं, शेतात जागेवर वळायला. रस्त्यावर निघताना ते दोन्ही खटक्यानं जोडायचे असतात. आमच्या गावात मी मोजले, एकवीस ट्रॅक्टर. खटका जागेवर असलेले नऊ. बाकीच्यांचा गंजला, तुटला किंवा हरवला. वेगात एकाच चाकाचा ब्रेक लागला तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

माल भरण्याचंही तेच, होडीसारखंच. दोनचाकी ट्रॉलीत पोती सगळी मागे रचली तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. सगळी पुढे रचली तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. हमाल मंडळी आपल्या सोयीनं रचतात. बघायला मालकानं उभं राहिलं पाहिजे. कापूस असला तर वजन नसतं पण उंची असते, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी लोंबणारा तो गठ्ठा मागच्या लाईटी झाकतो. लाईटी असल्या तर.

राहिला ट्रॉलीचा ब्रेक. आमच्याकडे ट्रॉली बनते ती वर्कशॉपात. मिस्त्री चांगले आहेत, वेल्डिंग एक नंबर. मी एकाला म्हटलं, "ब्रेक बसवून द्या." तो म्हणाला, "भाऊ, वीस वर्षांत पहिले गिऱ्हाईक तुम्ही." ड्रम असलेला ॲक्सल लागतो, ट्रॅक्टरवरून हायड्रोलिकची लाईन लागते, ती लाईन देणारे ट्रॅक्टर कंपन्यांकडे आहेत पण मागून घ्यावे लागतात. मला ब्रेकचे सगळे मिळून अठ्ठेचाळीस हजार जास्त पडले. बँकेला ट्रॉलीचं कोटेशन दिलं तर साहेबांनी विचारलं, ही ब्रेकची ओळ कशाला? बाकीच्यांच्या कोटेशनात नसते! मी त्यांना उतार सांगितला, नाला सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मंजूर केलं, हे त्यांच्याबद्दल चांगलं.

आता सरकारी बाजू. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं. ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर पट्ट्या लावतात, फोटो निघतो, पेपरात येतो. पट्टी चांगलीच आहे, तिनं जीव वाचतात, मी तिच्या विरोधात नाही. पण पट्टी मागून येणाऱ्याला ट्रॉली दाखवते. ट्रॉलीला थांबवत नाही. तपासणीत कागद बघतात, वजन बघतात. जास्त वजनाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, असं कायदा म्हणतो. आरसीवर भारासहित वजन छापलेलं असतं, ते किती शेतकऱ्यांनी वाचलंय? मी वाचलं नव्हतं. पण ब्रेक दाबून बघा म्हणणारा अधिकारी मला आजवर भेटलेला नाही.

लायसन्सची भीती लोकांना जास्त असते, खरं तर तिथं कोर्टानं बरीच सोय केलीय. ट्रॅक्टरचं लायसन्स असलेल्यानं ट्रॉली जोडली म्हणून ते बाद होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००१ मधेच सांगितलं. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवता येतं, हे ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानंही कायम केलं. पंधरा वर्षांच्या पोराला मात्र ट्रॅक्टरवर बसवू नका. तिथं पालक आणि मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि "आमचा पोरगा लई भारी चालवतो" हे कोर्टात चालत नाही.

आणि माणसं. ट्रॉलीत मजूर बसवणं. यावर आपण बोलतच नाही. शेतीसाठी विमा काढलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वीटभट्टीच्या मातीकामाला निघालेल्या मजुराच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २००७ साली सांगितलं की ही जबाबदारी विमा कंपनीची नाही. तरी त्या मजुराकडे बघून कोर्टानं कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला लावलं. म्हणजे शेवटी मालकाच्याच घरावर. आपल्या यावल तालुक्यात किनगावजवळ फेब्रुवारी २०२१ मधे काय झालं आठवतं ना? धुळ्याकडून रावेरला निघालेला पपईचा ट्रक मध्यरात्री उलटला. वर मालावर बसलेले मजूर, बाया, लेकरं. आभोडा, केऱ्हाळा, रावेरची माणसं. पंधरा जण गेले. मुंबईहून-दिल्लीहून ट्वीट आले, मदत जाहीर झाली. आठ दिवसांनी त्याच रस्त्यावर मी केळीच्या गाडीवर बसलेली माणसं पाहिली. ती तरी काय करणार? रात्री माल भरून झाल्यावर घरी जायला त्यांना दुसरं काय असतं? हा प्रश्न गाडीच्या मालकाला, व्यापाऱ्याला आणि बागायतदाराला विचारायचा आहे. म्हणजे आपल्यालाच.

शिरपूर तालुक्यातलं पळासनेर घ्या. ४ जुलै २०२३. ब्रेक गेलेला कंटेनर मुंबई-आग्रा रस्त्यावरून उतरला आणि वाहनांना उडवत बसथांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. दहाच्या वर माणसं गेली. तेव्हा सगळा जिल्हा म्हणत होता, ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर येतेच कशी? मीही म्हणत होतो. आणि आमच्या अंगणात ब्रेक नसलेली ट्रॉली उभी होती. ट्रॉलीला ब्रेक "गेलेला" नसतो, तो पहिल्यापासून नसतोच, म्हणून आपल्याला तो दिसत नाही.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला भाव नाही, मका आधारभूत किमतीच्या खाली जातो, कापसाचं तेच, आणि तुम्ही अठ्ठेचाळीस हजारांचा ब्रेक सांगता. मान्य. मलाही तो जड गेला. म्हणून माझं म्हणणं आहे की हा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नका. अवजारांना अनुदान मिळतं ना, मग ब्रेकवाल्या ट्रॉलीला थोडं जास्त द्या. बँकेनं कोटेशनात ब्रेकची ओळ नसेल तर उलट विचारावं. ट्रॅक्टर विकताना, तो ब्रेक नसलेली किती वजनाची ट्रॉली सुरक्षितपणे थांबवू शकतो आणि ब्रेकवाली किती, हे दोन आकडे मडगार्डवर पत्र्याच्या पाटीवर लिहून द्यायला कंपनीला किती खर्च येतो? भाच्याच्या ट्रकला स्टिकर चालतो, आमच्या ट्रॅक्टरला का नाही?

नवी ट्रॉली मागच्या महिन्यात आली. नोंदणी झाली, एमएच १९ चा नंबर तिच्या स्वतःच्या पाठीवर आहे. विमाही तिच्या नावाचा. पन्नास क्विंटलच्या वर भरायची नाही असं ठरवलंय, म्हणजे खेपा वाढणार, वडील त्यावरून रोज बोलतात.

बापू आता ट्रॅक्टर चालवत नाहीत. थोडं लंगडतात, ठिबकचं बघतात. पण ट्रॉली आली त्या दिवशी सकाळीच येऊन उभे राहिले. म्हणाले, भरा. पन्नास क्विंटल भरला आणि त्याच उतारावर नेला. मी चालवत होतो, बापू खाली फरशीपाशी काठी टेकून उभे. म्हणाले होते, "मी हात वर केला की दाबजो." मध्यावर हात वर झाला. मी दाबला. मागून रेटा आला नाही. सगळं मिळून दहा-बारा पावलं पुढे गेलं असेल.

बापू चालत आले, ट्रॉलीच्या चाकाला हात लावून पाहिला, गरम होता. "आते थांबनी," म्हणाले. मग ट्रॅक्टरचे दोन्ही पेडल जोडलेले आहेत का, ते वाकून बघितलं.

जळगाव, धुळे, नंदुरबारमधे ब्रेकवाली ट्रॉली कोणी बनवून देत असेल तर कमेंटमधे गाव आणि अंदाजे खर्च लिहा. मला आठवड्यात सहा जणांनी विचारलंय, आणि आमच्या मिस्त्रीकडे सध्या तसा एकच ॲक्सल शिल्लक आहे.